शिंपल्या कोणत्या डब्यात?

प्रश्नपत्रिका काढण्यात माझा हात धरणारा आमच्या केंद्रात कोणी नाही, असं मी परवापरवापर्यंत समजत होतो. केंद्र म्हणजे आजूबाजूच्या दहा-बारा प्राथमिक शाळा. बावीस वर्षांच्या मास्तरकीत मी इतके पेपर काढलेत, की घरी कोणी नुसतं 'जेवायला काय करू' असं विचारलं तरी मी चार पर्याय देतो, असं माझी बायको म्हणते. त्यामुळे ग्रामपंचायतीने कचऱ्याची परीक्षा घ्यायचं ठरवलं आणि सरपंचबाई पेपर काढायला सांगायला माझ्याकडे आल्या, याचं मला काही नवल वाटलं नाही. दुसऱ्या कुणाकडे गेल्या असत्या तर मात्र राग आला असता.

आमचं गाव काशीदच्या अलीकडे, रस्त्याला लागून. शनिवार-रविवारी पुढच्या किनाऱ्यावर जाणाऱ्या गाड्या आमच्याकडे चहाला थांबतात आणि जाताना आपल्या बाटल्या ठेवून जातात. त्यात गावाचा स्वतःचा कचराही काही कमी नाही. म्हणून पंचायतीने खाडीच्या बांधाजवळ पत्र्याची शेड उभी केली, घंटागाडी घेतली आणि ओला कचरा बारीक करायचं मशीन मागवलं. आता शेड सांभाळायला माणूस हवा होता. गाडीतून आलेला माल वेगवेगळा करून घ्यायचा, हाताखालच्या दोन बायकांना काम सांगायचं आणि घरोघरी जाऊन डबे तपासायचे. मानधन बेताचंच, पण जागा पंचायतीची. मागे पाणी सोडणारा माणूस नेमताना वशिल्यावरून इतकी हमरीतुमरी झाली होती, की या वेळी सरपंचबाईंनी आधीच सांगून टाकलं, लेखी परीक्षा घ्यायची आणि ज्याला जास्त मार्क त्याची जागा.

अर्ज चार आले. चौथा माझ्या वहिनीचा होता.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. म्हसळ्याकडच्या डोंगरातल्या एका वाडीवरून ती अठराव्या वर्षी आमच्या घरात आली, तेव्हा मी तिसरीत होतो. आई त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. भाऊ न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचा, आठवड्यातून एकदा घरी यायचा, त्यामुळे नवरा कमी आणि दीरच जास्त तिच्या वाट्याला आला. माझी नखं कापण्यापासून डी.एड.च्या फॉर्मावर पालक म्हणून सही करण्यापर्यंत सगळं तिने केलं. सात वर्षांपूर्वी भाऊ अचानक गेला, हृदयाचं निमित्त झालं. त्यांची मुलगी उरणला दिलेली आहे. वहिनी आमच्याकडे राहते असं लोक म्हणतात. खरं म्हणजे आम्ही तिच्याकडे राहतो.

तिने अर्ज केला हे मला सरपंचबाईंकडून कळलं. घरी येऊन विचारलं तर ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तीस-पस्तीस वर्सं रांधा, वाढा, उष्टी काढा केलं. त्यात वाईट काय न्हाय. पण कोणी विचारलं, बाई तू काय करतेस, तर सांगायला माझं असं कायतरी पायजे मला."

इतक्या वर्षांत तिने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. मी लगेच म्हणालो, मग मी पेपर काढत नाही, तपासतही नाही, केंद्रातल्या दुसऱ्या कुणाला सांगतो. त्यावर तिने सूप खाली ठेवलं. दुसऱ्याने तपासले आणि ती पास झाली, तर गाव म्हणणार की गुरुजींनी आतून सांगून ठेवलं असेल. तेव्हा तपासायचे ते मीच, आणि सगळ्यांसमोर. मला ते पटलं. आणि थोडं गोडही लागलं, कारण माझ्या सचोटीवर घरातच एवढा विश्वास होता.

मग आठ दिवस आमच्या घरात अबोल्यासारखं वातावरण झालं. पेपर मी शाळेच्या कपाटात कुलूप लावून ठेवला होता. जेवताना चुकून कचऱ्याचा विषय निघाला तरी मी घास अडकल्यासारखा खोकायचो. वहिनीने मला अवाक्षर विचारलं नाही. ती तिच्या पद्धतीने अभ्यास करत होती. मागीलदारी जुनं गोणपाट अंथरून त्यावर घरातला दोन दिवसांचा सगळा कचरा ओतायची, चष्मा लावून एकेक वस्तू हातात घ्यायची आणि ही कुठली, कशाची, कुजेल का, असं स्वतःशीच पुटपुटत ढीग करायची. तालुक्याहून आलेली माहितीपुस्तिका तिने शेजारणीकडून आणली होती आणि दुधाच्या पिशवीच्या कडेची खूण ठेवून वाचत होती. शेजारणी चेष्टा करायच्या. ती म्हणायची, हसा, उद्या तुमच्याच डब्यात हात घालणार हाय.

पेपर वीस मार्कांचा, वीस प्रश्नांचा. प्रत्येक वस्तूपुढे एका ओळीत लिहायचं, ती कुठे टाकाल. एकोणीस प्रश्न मी पुस्तिकेतून घेतले. केळीची सालं, दुधाच्या पिशव्या, वेफर्स-बिस्किटांच्या पुड्यांचे कागद, फुटलेली बरणी, मुदत संपलेली औषधं वगैरे. पण नुसतं पुस्तिकेतलं उचललं तर मग माझं काय राहिलं? पुस्तिका काही समुद्रकाठच्या माणसाने लिहिलेली नव्हती. म्हणून विसावा प्रश्न मी खास गावाचा काढला. जेवून उरलेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या कोणत्या डब्यात टाकाल? तिसऱ्या म्हणजे ओहोटीला चिखलात सापडतात ते शिंपल्यातले जीव. आमच्याकडे त्या घरोघरी शिजतात. या प्रश्नावर मी मनातून फारच खूश होतो. उत्तर मी आधीच ठरवून टाकलं होतं. ताटात उरलं, माशाचं आहे, स्वयंपाकघरातून निघालं, म्हणजे ओला कचरा.

परीक्षा शाळेतच झाली, चौथीच्या वर्गात. बाकं लहान, त्यामुळे चारी उमेदवार गुडघे छातीशी घेऊन बसले होते. वहिनीने लग्नाकार्याला नेसते ती हिरवी साडी नेसली होती. शेजारच्या बाकावर आमच्या गावातला बी.कॉम. झालेला एक माणूस होता. काही वर्षं न्हावा शेव्याला मालवाहतुकीच्या ऑफिसात होता, आता गावी येऊन पर्यटकांना दोन खोल्या भाड्याने देतो. स्वभावाने सज्जन, अक्षर छापल्यासारखं. तो वीस मिनिटांत उठला. वहिनी घंटा होईपर्यंत लिहीत होती. मी फेऱ्या मारताना तिच्या बाकाजवळ मुद्दाम थांबलो नाही, तरी तिच्या कपाळावरचा घाम मला दिसला. तीस वर्षांपूर्वी माझ्या परीक्षांना ती शाळेबाहेर डबा घेऊन उभी असायची, तेव्हा तिला आतलं काय दिसत असेल, असं उगाच मनात आलं.

पेपरांवर नावं घालायची नाहीत, नुसते क्रमांक, असं ठरलं होतं. पण वहिनीचं अक्षर मला कोणी अंधाऱ्या कोठडीत दाखवलं तरी ओळखता येईल. सरपंचबाई आणि दोन सदस्य समोर बसलेले असताना मी तपासत गेलो. औषधांचं तिचं चुकलं, तिने जमिनीत पुरावीत असं लिहिलं होतं. आणखी दोन ठिकाणी गोंधळ होता. सोळा बरोबर धरून मी विसाव्या प्रश्नाला आलो. तिने लिहिलं होतं: 'कुठल्याच डब्यात नाही. वाटेवर टाकाव्या. थोड्या कुटून कोंबड्यांना.'

मी ते दोनदा वाचलं. मग लाल पेनाने फुली मारली.

बी.कॉम.वाल्याने 'ओला' असं एकाच शब्दात लिहिलं होतं. त्याला सतरा पडले, वहिनीला सोळा, बाकीचे दोघे बरेच मागे राहिले. एका मार्काने जागा त्याची झाली.

आता खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त मला माझाच अभिमान वाटला. दुसऱ्या दिवशी नाक्यावर लोक बोलत होते, ज्या बाईने वाढवलं तिला एका मार्काने पाडलं, असा मास्तर आजच्या काळात मिळायचा नाही. मी ते ऐकत चहा पीत होतो आणि चहा नेहमीपेक्षा बरा लागत होता. सरपंचबाईंनी माझी उत्तरपत्रिका झेरॉक्स करून घरोघर वाटली. सगळ्या गावाने याच्यावरून कचरा वेगळा करावा, असं खाली छापलं होतं. वीस उत्तरं, आणि त्याखाली माझं नाव, पदासह. एक प्रत मी घरच्या फ्रिजवर चिकटवली.

घरी मात्र चहा बिनसाखरेचा यायला लागला. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी बोलली त्यापेक्षा ती बोलली नसती तर बरं झालं असतं. वहिनी निकाल सांगितला तेव्हा नुसतं "बरं" म्हणाली आणि पदर खोचून मासे साफ करायला बसली. एकच फरक पडला. मागीलदारचं गोणपाट घडी घालून माळ्यावर गेलं. ते पाहिलं आणि मी स्वतःला समजावलं, न्याय हा न्याय.

पुढच्या आठवड्यात मशीनचं उद्घाटन ठरलं. दिवस ठरवताना कुणी तिथी बघितली नाही. बघायला हवी होती. दोन दिवस आधी पौर्णिमा होऊन गेली होती. पौर्णिमेच्या आसपास पाणी खूप लांब जातं, चिखल मोकळा पडतो आणि सगळा गाव टोपल्या घेऊन खाडीत उतरतो. दोन दिवस घरोघर तिसऱ्याच शिजल्या. आमच्याकडेही वहिनीने एकशिपी केली होती, म्हणजे अर्धी शिंपली मांसासकट तशीच रश्श्यात. मी दोनदा वाढून घेतली. आणि वर्षानुवर्षं ज्या घरांनी शिंपल्या कधी कचऱ्यात घातल्या नव्हत्या, त्या घरांनी माझा कागद बघून त्या ओल्या कचऱ्याच्या डब्यात घातल्या.

तालुक्याचे साहेब आले, नारळ फुटला, बी.कॉम.वाल्याने बटण दाबलं. घंटागाडीतला ओला कचरा वरून ओतला. भाजीचे देठ, सालं छान बारीक होऊन खाली पडली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग आतून कडाड असा आवाज आला, मशीन एकदा उडाल्यासारखं झालं आणि पट्टा तुटून बंद पडलं. बरोबर आलेल्या मेकॅनिकने झाकण उघडलं. पात्यांच्या कडा मोडल्या होत्या आणि मध्ये ओंजळ-दोन ओंजळी पांढऱ्या शिंपल्या अडकल्या होत्या. त्याने एक बाहेर काढली, उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, हा दगड ओल्या कचऱ्यात टाकायला तुम्हाला कुणी सांगितलं?

घडी घातलेले माझे कागद पुष्कळांच्या खिशात होते, आणि पुष्कळांची नजर माझ्याकडे होती. साहेबांना बसायला दिलेल्या खुर्चीच्या मागे मी उभा होतो. तिथून नाहीसं व्हायला वाट नव्हती, नाहीतर झालो असतो.

त्या दिवशी मी रस्त्याने घरी न जाता मागच्या बाजूने गेलो. विहिरीपासून आमच्या मागीलदारापर्यंत एक पायवाट आहे. पावसाळ्यात आजूबाजूला घोटाभर चिखल असतो, पण या वाटेवर पाय कधी घसरत नाही. मी लहानपणापासून हजारो वेळा तिच्यावरून शाळेत गेलो आहे, आधी शिकायला आणि मग शिकवायला. त्या दिवशी पहिल्यांदा खाली बघून चाललो. सगळी वाट शिंपल्यांची होती. खाली जुन्या, दबून मातीत बसलेल्या, वर नव्या, पांढऱ्या. पस्तीस वर्षं वहिनी टोपलीभर शिंपल्या इथे आणून ओतत होती, त्याआधी आईने ओतल्या असतील, आणि मी त्यांच्यावर पाय देऊन जाऊन लोकांना शिकवत होतो की हा ओला कचरा.

वहिनी कोंबड्यांना दाणे टाकत होती. मी विचारलं, तुझं बरोबर होतं, मग बोलली का नाहीस?

"निकाल लागल्यावर बोलले असते तर लोक म्हणाले असते, हरली म्हणून रडते." मग दाण्यांचं भांडं रिकामं करून म्हणाली, "आणि माझं बरोबर हाय, याची खात्री मला तरी कुठं होती? फुली तू मारलेली."

मला कुणी थोबाडीत मारली असती तरी बरं वाटलं असतं. माझ्या फुलीवर या बाईने स्वतःच्या पस्तीस वर्षांच्या वाटेपेक्षा जास्त विश्वास ठेवला होता, आणि मी त्या विश्वासाला माझी सचोटी समजून मिरवत होतो. मी तिला म्हणालो, ग्रामसभेत मी उभा राहणार आहे. ती म्हणाली, "तुला काय वाटेल ते कर, भावजी. पण माझ्यासाठी म्हणून न्हाय. चुकलं असेल तर चुकलं म्हणून."

ग्रामसभा देवळाच्या मंडपात भरली. मशीन बिघडल्यामुळे गर्दी नेहमीच्या दुप्पट होती. सगळ्यांत पुढे बायका, मागे खांबांना टेकून पुरुष. मी चारही पेपर घेऊन उठलो. विसाव्या प्रश्नाचं माझं उत्तर चुकीचं होतं, असं मी सांगितलं. शिंपली कुजत नाही, ती ओला कचरा नाही. ज्यांनी 'ओला' लिहिलं त्यांचा एक मार्क जाईल, आणि जिने 'वाटेवर' लिहिलं तिचा एक वाढेल. म्हणजे बी.कॉम.वाल्याचे सोळा झाले आणि वहिनीचे सतरा. मशीनच्या पात्यांचं पाप माझ्या कागदाचं आहे, हेही मी बोलून टाकलं. मागून कुणीतरी म्हणालं, मास्तर शेवटी घरच्या माणसाकडे वळले. मला अपेक्षित होतं ते. मी खाली बसलो.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून वहिनी उठली. सभेत ती कधी बोललेली मी ऐकलं नव्हतं. तिने सरपंचबाईंना विचारलं, मी माझ्या पेपरवर बोलू का, आणि त्यांनी मान हलवल्यावर माझ्याकडे वळली. चारचौघांत ती मला अहो-जाहो करते.

"गुरुजी, सहावा प्रश्न काढा. वेफर्सच्या कागदांचा. मी काय लिवलंय?"

मी शोधून वाचलं. सुक्या कचऱ्यात टाकावे, कधीही जाळू नयेत. बरोबर उत्तर होतं, मी मार्क दिला होता.

"तो मार्क काढा," ती म्हणाली. "मी रोज सकाळी त्याच कागदांनी बंब पेटवते. सोडणं लवकर धरत न्हाईत म्हणून. वास येतो, डोळं चुरचुरतात, तरी पेटवते. पुस्तकात वाचलं ते पेपरात लिवलं, खरं करते ते न्हाय लिवलं."

मंडपातल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, कारण नारळाच्या सोडणांनी बंब तापवणारं आणि त्याला पेट द्यायला प्लॅस्टिकची पुडी घालणारं घर तिथे एक नव्हतं, जवळजवळ सगळी होती. माझ्यातला मास्तर तरी गप्प बसेना. मी म्हणालो, मार्क उत्तराला असतो, वागण्याला नसतो, नियमाने तुमचे सतराच. त्यावर ती म्हणाली, "काम तर वागण्याचंच हाय न्हवं? उद्या दुसऱ्याच्या दारात जाऊन सांगणार मी, जाळू नका म्हणून. ती बाई माझ्या घराचा धूर बघून हसंल."

तिने ऐकलं नाही. शेवटी सरपंचबाईंनीच एक मार्क कमी करून घ्यायला सांगितला. मी माझ्या हाताने सतराचे पुन्हा सोळा केले. इतक्या वर्षांत मुलांना मार्क वाढवून मागताना मी पाहिलंय, त्यांच्या बापांना पाहिलंय, एकदा तर एका मुलाच्या आजोबांना काठी घेऊन आलेलं पाहिलंय. मिळालेला मार्क परत करणारं माणूस मी पहिल्यांदा बघत होतो, आणि ते माझ्या घरातलं होतं. तो आकडा खोडताना मला जितका अभिमान वाटला, तितका कुणाला पैकीच्या पैकी देतानाही कधी वाटला नाही.

आता दोघे सोळा-सोळा. सरपंचबाईंनी बी.कॉम.वाल्याला सरळ विचारलं, तुमच्या घरी या कागदांचं काय करतात? तो भला माणूस उठला, खोटं बोलला नाही. म्हणाला, आईला विचारावं लागेल. सगळा मंडप हसला. मी हसू शकलो नाही, कारण हाच प्रश्न मला विचारला असता तर माझंही उत्तर तेच होतं. ज्या बंबाच्या पाण्याने मी रोज अंघोळ करतो, तो कशाने पेटतो हे मला त्या दिवशी सभेत कळलं होतं.

मग जागा कुणाला द्यायची, यावर हात वर करायला सांगितले. एक म्हातारी उठून म्हणाली, "जी आपल्या तोंडानं आपली चूक सांगते तिला माझा डबा उघडून दाखवायला मला लाज न्हाय वाटायची. दुसऱ्या कुणाला मी दारात उभं करणार न्हाय." त्यानंतर मोजायची फारशी गरज उरली नाही. पुढच्या सगळ्या रांगांचे हात वहिनीसाठी वर गेले. बी.कॉम.वाल्याची आईही तिथेच बसली होती. तिने मुलाकडे पाठ केली आणि हात वर केला. तो ते पाहून स्वतःच हसायला लागला, आणि शेवटी त्यानेही हात वर केला.

वहिनीने कामाचा ताबा घेतला तो दुसऱ्याच दिवसापासून. पहिल्यांदा बंबाच्या मागच्या कोनाड्यात कोंबलेले सगळे कागद तिने बाहेर काढले आणि पेट द्यायला वाळक्या झावळ्यांच्या काड्या बांधून ठेवल्या. आता पाणी तापायला दहा मिनिटं जास्त लागतात. मला शाळेला उशीर होतो म्हणून मी एकदा कुरकुर केली, तर ती म्हणाली, लवकर उठ. मशीनची पाती नवी आली. शेडच्या दारातच तिने एक मोठं पिंप ठेवलं, फक्त शिंपल्यांसाठी. त्या आता खाडीच्या बांधावरच्या वाटेला जातात. महिन्याभरात शेजारच्या दोन गावांतून लोक तिचं काम बघायला येऊन गेले. तालुक्याचे साहेब आले तेव्हा तिने त्यांना आधी हात धुवायला लावले आणि मग खुर्ची दिली.

घरोघरचे डबे तपासायचा नियम सभेनेच केला होता. दोनदा सांगूनही ज्या घरात कचरा एकत्र सापडेल, त्या घरातल्या कर्त्या माणसाचं नाव पंचायतीच्या बाहेरच्या फळ्यावर आठवडाभर लिहायचं. गावाला वाटलं होतं, एवढं कोण करतंय. सगळे एकमेकांचे भाऊबंद, कोण कुणाचं नाव लिहिणार.

तपासणी वहिनीने आमच्याच घरापासून सुरू केली. पहिल्या दोन खेपांना आमच्या ओल्या डब्यात वर्तमानपत्राचा तुकडा आणि पेनाची रिफिल निघाली, तेव्हा तिने मला तोंडी समज दिली. मी शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत होतो, हो हो म्हणालो. तिसऱ्या खेपेला तिने चहापत्तीच्या चोथ्यातून भिंतीवरच्या घड्याळाचा संपलेला सेल काढला आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवला. ओल्या कचऱ्यात सेल घालू नये, तो वेगळा साठवावा, हा प्रश्न माझ्या पेपरात अकरावा होता. तो सेल आदल्या रात्री मीच बदलला होता. तिने वहीत लिहून घेतलं आणि शेजारच्या घरी गेली.

सकाळी शाळेत जाताना पाहिलं तर पंचायतीच्या फळ्यावर एकच नाव होतं, माझं. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, खाली 'मुख्याध्यापक', आणि कारण: संपलेला सेल ओल्या डब्यात. ठळक, सरळ रेषेत, वेलांटी-उकार कुठे चुकलेला नाही. माझ्या वर्गातली पोरं घोळका करून मोठ्याने वाचत होती, आणि मला बघून गप्प झाली. मी म्हणालो, थांबलात का, वाचा की, आणि अक्षर बघा कसं काढतात ते. त्या आठवड्यात गावात एकाही डब्यात काही एकत्र सापडलं नाही. ज्या बाईने स्वतःच्या दिराला सोडलं नाही ती आपल्याला काय सोडणार, एवढं सगळ्यांना कळलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मी थांबवून सांगत होतो, हे माझ्या वहिनीने लिहिलंय.

आठवडा संपला त्या संध्याकाळी ती ओलं फडकं घेऊन फळ्याजवळ आली. मी मुद्दाम तिथेच उभा होतो. म्हणालो, वहिनी, राहू दे ना अजून दोन दिवस.

"नियम आठवड्याचा हाय," ती म्हणाली, आणि माझं नाव पुसून टाकलं.